परसातल्या मिरचीचं तिखट आणि काळा मसाला: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तिखट दळायला अर्धा तास पुरतो. मिरची वाळायला आठवडा, कधी पंधरवडाही लागतो, आणि तिखट वर्षभर टिकणार की महिन्यात कुबट होणार हे त्या दिवसांत ठरून जातं. नवखी माणसं नेमकं उलट करतात. मिक्सर कोणता, कांडप कुठलं, जाळी किती बारीक याची चौकशी खूप, आणि मिरची दोन दिवस गच्चीवर टाकून "झाली वाळून" म्हणत उचलायची. म्हणून या लेखात वाळवणावर जास्त जागा खर्ची पडली आहे. दळण्याचं काम त्यामानाने सोपं.

आपल्या खान्देशातली हवा या कामाला अनुकूल आहे. दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं, हवेतला दमटपणा जातो, आणि मार्च उजाडला की ऊन भाजायलाच लागतं. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर मिरचीच्या लालभडक पथाऱ्या पसरलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ओली लाल मिरची तिथे उघड्यावरच वाळते, ती याच हवेच्या जोरावर. तेच काम आपल्याला गच्चीवर किंवा अंगणात, थोड्या प्रमाणात आणि जास्त स्वच्छ करायचं आहे.

आधी हिशेब

परसात किंवा कुंड्यांत लावलेल्या एका निरोगी झाडापासून हंगामभरात ५० ते १०० ग्रॅम वाळलेली मिरची धरा. ओली लाल मिरची वाळून साधारण चौथा हिस्सा उरतो, म्हणजे ४ किलोची १ किलो. २० झाडं असतील तर एक ते दोन किलो तिखट हाती येईल. चौघांच्या खान्देशी घराला हे वर्षभर पुरणार नाही, हे आधीच मान्य करा. कमी पडेल तेवढी अख्खी वाळलेली मिरची नंदुरबार किंवा दोंडाईच्याच्या बाजारातली घ्या आणि घरच्या मिरचीत मिसळा. यात कमीपणा काही नाही. तयार पूड विकत घेण्यापेक्षा अख्खी मिरची घेणं केव्हाही बरं, कारण सडकी-किडकी डोळ्यांना दिसते.

जवळ काय काय हवं

- विणलेली बाज किंवा जाळीची खाट. नसेल तर जुनं सुती लुगडं किंवा चादर
- झाकायला मलमलचं किंवा दुसरं पातळ सुती कापड
- दोन मोठ्या पराती, सूप
- पीठ चाळायची चाळणी आणि तिच्याहून बारीक मैद्याची चाळणी
- मिक्सरचं कोरडं दळायचं भांडं (थोडं दळण असेल तर)
- हातमोजे, नाका-तोंडाला रुमाल, चष्मा
- झाकणाची काचेची बाटली, वाळल्याची परीक्षा करायला
- साठवायला काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरण्या, खडा हिंग

प्लास्टिकची ताडपत्री यादीत नाही, ती मुद्दामच. कारण पुढे येईल.

१. मिरची कोणती लावायची

एकाच जातीवर तिखट उभं राहत नाही. एक मिरची रंग देते, दुसरी झणझणीतपणा. कर्नाटकातली ब्याडगी रंगाला गडद आणि चवीला सौम्य. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लवंगी, ज्वाला, तेजा या तिखट बाजूच्या. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती आपल्याकडे चांगली येते, तिला मिरच्या घोसाने लागतात.

पहिल्या वर्षी दोनच जाती लावा. अर्धी झाडं ज्वाला किंवा फुले ज्योती आणि उरलेली कमी तिखट, पातळ सालीची एखादी. जाड सालीच्या भज्यांच्या मिरच्या आणि ढोबळी तिखटासाठी नकोत. त्या वाळताना आतून कुजतात.

२. झाडावरच लाल होऊ द्या

मे-जूनमध्ये रोप टाकलं, पाच-सहा आठवड्यांनी लावलं, की दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची सुरू होते. तिला झाडावर लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. खरी अडचण इथे उभी राहते, कारण तोवर भरिताचा हंगाम आलेला असतो. वांगी भाजली जातायत, पाहुणे आलेत, आणि घरातलं कोणी ना कोणी परसात जाऊन मूठभर हिरव्या मिरच्या तोडून आणतं. लाल व्हायला मग राहतं काय? यावर उपाय एकच. भरिताची आणि ठेच्याची झाडं वेगळी ठरवा, तिखटाच्या झाडांना चिंधी बांधा, आणि चिंधीचं झाड कोणी तोडायचं नाही असं घरात सांगून ठेवा.

पानं वाटीसारखी वळून झाड खुरटलं तर तो बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. चार-पाचच झाडांना असेल तर उपटून टाकलेली परवडतात. औषध फवारलं असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडणी नको. मिरची आपण सोलून खात नाही, सालीवर जे राहील ते तिखटात येणार.

तोडायची ती पूर्ण लाल झालेली आणि झाडावरच किंचित सुरकुतायला लागलेली. अर्धी हिरवी, अर्धी लाल तोडली तर वाळल्यावर तिच्यावर पिवळट डाग राहतात.

३. तोडणी आणि पहिली रात्र

दव उतरल्यावर, सकाळी नऊ-दहानंतर तोडा. देठासकट तोडा आणि वाळेपर्यंत देठ काढू नका. देठ काढला की मिरचीला वरून भोक पडतं, त्यातून पाणी आणि बुरशी आत शिरते.

मऊ पडलेली, काळा खोलगट डाग असलेली, अळीने पोखरलेली मिरची तिथल्या तिथे बाजूला करा. काळा डाग फळकुजीचा असतो. अशी एक मिरची ढिगात राहिली की शेजारच्या चार घेऊन जाते.

धूळ असेल तर पाण्यातून पटकन काढून फडक्याने कोरडी पुसा. भिजत घालू नका. मग सगळी मिरची घरात सावलीला, गोणपाटावर, एक-दोन दिवस ढीग करून ठेवा. थोडी कच्ची राहिलेली मिरची या ढिगात रंग धरते आणि सगळा माल एकसारखा लाल होतो. दोन दिवसांच्या वर मात्र ठेवू नका, ढीग आतून तापायला लागतो.

४. वाळवण

बाज उन्हात टाका, तिच्यावर सुती कापड, कापडावर मिरचीचा एकेरी थर. बाजेखालून वारा खेळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाळते. बाज नसेल तर गच्चीवर कापड दुहेरी करून. प्लास्टिकवर मिरची टाकली की खालच्या बाजूला घाम सुटतो. वरून कडक, खालून ओली. बुरशी धरते ती खालच्या बाजूने, आणि उलटून बघेपर्यंत कळत नाही.

पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे. मिरचीत पाणी भरपूर असतं, म्हणून थर पातळ आणि दिवसातून तीन-चारदा हात फिरवणं. वरून मलमल टाका. त्याने धूळ आणि माश्या अडतात, पक्ष्यांची घाण पडत नाही आणि थेट उन्हाने रंग उडत नाही. तिखट आहे म्हणून पक्षी येणार नाहीत असं समजू नका. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, पोपट तर आवडीने खातात.

संध्याकाळी, दव पडायच्या आत, मिरची गोळा करून घरात घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, त्यामुळे पहाटे दव असतंच. रात्रभर उघड्यावर राहिलेली मिरची सकाळी पुन्हा दमट झालेली असते आणि आदल्या दिवसाचं निम्मं ऊन वाया जातं. रात्री ढीग करून कापडाने झाकलं, तर मिरचीच्या गाभ्यातला ओलावा सालीकडे येतो आणि दुसऱ्या दिवशी लवकर निघून जातो.

डिसेंबर-जानेवारीत या सगळ्याला आठ ते बारा दिवस धरा. मार्च-एप्रिलच्या उन्हात चार-सहा दिवसांत काम होतं. मे महिन्यात पारा ४२-४४ च्या वर गेला की धोका उलट बाजूने येतो: मिरची वाळली तरी माणसं उचलत नाहीत, आणि रंग पांढरट-पिवळा पडतो. वाळलेल्या मिरचीला आणखी ऊन दिल्याने काही मिळत नाही. मे महिन्यात वाळवत असाल तर दुपारी बारापर्यंतचं ऊन द्या, मग सावली.

अवकाळीचा भरवसा नाही. ढग भरून आले तर "थोडं थांबून बघू" म्हणू नका, आधी मिरची आत घ्या. दोन दिवस ढगाळ राहिलं तर खोलीत पंख्याखाली पातळ पसरा. ओव्हन किंवा सुकवणी यंत्र असेल तर ५५ ते ६० अंश सेल्सियसवर ठेवा. त्याच्या वर मिरची भाजली जाते.

वाळली हे ओळखायचं कसं? आमच्याकडची जुनी बाई मूठ कानाजवळ हलवून सांगते, "मिरची खुळखुळ वाजाले जोयजे," म्हणजे वाजली पाहिजे. परीक्षा बरोबर आहे, पण पुरेशी नाही, बिया वाजतात तरी देठाजवळचा भाग चिवट राहिलेला असतो. म्हणून त्या भागाशी मिरची वाकवून बघा. वाकली तर ओली, कट्‌कन मोडली तर वाळली. शेवटी बाटलीची परीक्षा: जाडसर दिसणाऱ्या मूठभर मिरच्या कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर आतून धुकं दिसलं किंवा मिरची मऊ लागली तर अजून दोन दिवस ऊन.

इतका आग्रह का, तेही सांगते. अन्नसुरक्षेच्या नियमांत मिरचीच्या पुडीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. ओलावा जास्त राहिला की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी वाढू शकते, आणि ते विष फोडणीत घालून किंवा भाजी उकळून जात नाही. त्यामुळे बुरशी आलेली मिरची "पुसून, परत ऊन देऊन" वापरायची नाही. टाकायची. गुरांनाही घालायची नाही.

५. निवडणं आणि देठ खुडणं

सुपात थोडी थोडी घेऊन पाखडा. पांढरी-पिवळी पडलेली, जिला बाजारात फटकी म्हणतात, ती वेगळी काढा. दोन-चार मिरच्या मोडून आतही बघा. वरून लाल आणि आत राखाडी भुरा हे वरचेवर सापडतं.

देठ संध्याकाळी खुडा. कडक उन्हातून आणल्या आणल्या खुडायला बसलात तर मिरचीचा चुरा होतो आणि शिंकांनी बेजार व्हाल. दिवस कलल्यावर साल जरा नरम पडते, तेव्हा देठ अलगद निघतो. देठ राहिले तर तिखट तपकिरी दिसतं आणि घशाला खरखरतं.

तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा. तो मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. सौम्य तिखट हवं असेल तर मिरची चिरून तो गाभा काढावा लागेल, नुसत्या बिया झटकून भागणार नाही. बिया थोड्या कमी केल्या की तिखट जास्त लाल दिसतं, एवढाच फरक.

हातमोजे घालाच. मिरचीतला जळजळ करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हात जळायला लागले तर आधी खोबरेल किंवा कोणतंही खायचं तेल चोळा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर न चोळता साध्या पाण्याची धार धरा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मिरचीला हात लावायच्या आधीच काढून ठेवा.

६. दळण

दळायच्या दिवशी सकाळी मिरचीला शेवटचं दोन-तीन तास ऊन द्या, मग सावलीत थंड होऊ द्या. गरम मिरची दळायला नेऊ नका.

*मिक्सरवर* (अर्धा किलोपर्यंत): मिरचीचे तुकडे करून भांडं निम्मंच भरा. वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, परत फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, वास आणि रंग दोन्ही उतरतात. झाकण लगेच उघडू नका. पाच मिनिटं धुरळा बसू द्या. पंखा बंद, खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि दम्याची माणसं दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी. मग चाळा. वर उरलेली भरड परत दळा, किंवा तशीच बाटलीत भरून ठेवा. शेंगदाण्याच्या चटणीत ती पुडीपेक्षा चांगली लागते.

*कांडपावर* (किलोच्या वर): पिठाच्या गिरणीत चालत नाही, मसाल्याची वेगळी चक्की किंवा डंकी लागते. सकाळी पहिला नंबर लावा. मधल्या वेळी गेलात तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गरम मसाला यंत्रात उरलेला असतो, आणि तुमच्या तिखटाला लवंगेचा वास येतो. पहिली मूठ वेगळी काढून द्यायला सांगा. शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहा. अदलाबदल मुद्दाम कोणी करत नसलं तरी गर्दीत डबे बदलतात. यंत्रात थोडं अडकतं, उडतं, त्यामुळे वजनात थोडी घट येणारच.

नवखे ज्याला हमखास फसतात ते यानंतर. दळलेलं तिखट गरम असतं, आणि ते तसंच डब्यात बंद करून घरी आणलं जातं. वाफ आत कोंडते, झाकणाला पाणी सुटतं, आणि पंधरा दिवस केलेल्या वाळवणावर एका तासात पाणी पडतं. न्यायला सुती पिशवी न्या, घरी आल्या आल्या परातीत पसरा, वरून कागद झाका, आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरा.

घरचं तिखट बाजारच्या पाकिटाइतकं लालबुंद दिसत नाही. बिघडलंय म्हणून त्यात काही घालायला जाऊ नका. रंग हवा असेल तर पुढच्या वेळी ब्याडगी वाढवा.

७. त्यातूनच काळा मसाला

शेवभाजी, पातोडीचा रस्सा, आमटी यांना नुसतं तिखट पुरत नाही. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आहे आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं. सुरुवातीला हे घ्या, पुढच्या वर्षी आपल्या जिभेप्रमाणे बदला:

वाळलेली मिरची २५० ग्रॅम, धणे २५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, हळकुंड २५ ग्रॅम, दगडफूल १५ ग्रॅम, तमालपत्र, काळी मिरी आणि दालचिनी प्रत्येकी १० ग्रॅम, लवंग, मसाला वेलची, बाद्यान, शहाजिरे आणि नागकेशर प्रत्येकी ५ ग्रॅम, जायपत्री ३ ग्रॅम, खडा हिंग ५ ग्रॅम, भाजायला जेमतेम तेल.

दगडफुलात वाळू आणि सालीचे तुकडे असतात. भाजण्याआधी चाळणीत घोळून घ्या, नाहीतर रस्सा कचकच लागेल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, चमचाभर तेलात. हळकुंड आणि हिंग तळून कुटा. धणे रंग बदलून वास सुटेपर्यंत. दगडफूल आणि जायपत्रीला अर्धं मिनिट पुरे. मिरची सर्वांत शेवटी आणि शक्यतो अंगणात, चुलीवर. घरात भाजलीत तर गल्ली खोकेल. ती गडद तपकिरी झाली की उतरवा, काळी पडली तर मसाला कडू होतो. सगळं थंड झाल्यावर आधी खडा मसाला दळा, मग मिरची, मग दोन्ही एकत्र चाळून घ्या.

यादीत सुकं खोबरं, तीळ आणि खसखस नाही. जुन्या घरांत ती मसाल्यातच घालतात, आणि चवीला उत्तम लागतात. पण तिन्हींत तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं आणि अख्खी बरणी सोबत नेतं. पहिल्यांदा करत असाल तर मसाला कोरडाच ठेवा. खोबरं आणि कांदा रस्सा करायच्या वेळी विस्तवावर चांगला काळपट भाजून वाटा आणि त्यात हा मसाला घाला. रश्श्याला काळा रंग तिथूनच येतो.

८. साठवण

सगळी मिरची एकदम दळू नका. अख्खी मिरची पुडीपेक्षा रंग आणि वास जास्त टिकवते. तीन महिन्यांपुरतं दळा, बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात. जागा असेल तर फ्रीजमध्ये.

बरणी धुऊन उन्हात कडक वाळवा. तिखट दाबून भरा, मध्ये हिंगाचा खडा ठेवा, वर कापड बांधून झाकण लावा. हिंगाने वास चांगला राहतो, पण तो ओल्या तिखटाला वाचवत नाही. रोजच्या वापराला छोटा डबा वेगळा आणि त्यातला चमचा कोरडा. भाजीच्या वाफेवर डबा धरून तिखट टाकायची सवय असेल तर ती मोडा.

बारीक तपकिरी किडे मिरचीलाही लागतात. बरणी भरण्याआधी तिखट पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवलं तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड तिखटावर हवेतलं पाणी बसतं. पावसाळा लागायच्या आत, मे महिन्याच्या शेवटी, सगळ्या बरण्या एकदा उघडून वास घ्या. गोळे दिसत असतील पण वास ठीक असेल तर परातीत पसरून घरातच, सावलीत, दिवसभर कोरडं होऊ द्या. वास कुबट असेल तर फेकून द्या.

नातेवाइकांनी पैसे देऊन मागायला सुरुवात केली तर आधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या. घरगुती विक्रीलाही ती लागते. आणि पुढच्या वर्षीचं बी याच मिरच्यांतून राखायचं असेल तर संकरित जातीचं राखू नका, रोपं मूळ झाडासारखी निघत नाहीत. ज्वाला किंवा फुले ज्योतीच्या एखाद्या निरोगी झाडावरच्या चार-पाच मिरच्या आधीच बाजूला काढून सावलीत वाळवा.